बाईस नाव

काळ्या कापडाखालून वैजयंतीने डोकं बाहेर काढलं ते मान हलवतच. "नाही जमत, यार. परत हलतेय नाव."

शेजारी हात चोळत उभ्या असलेल्या पुष्करने, तिच्या नवऱ्याने, विचारलं, "फिल्म किती उरल्यात?"

"एक."

यमुनेच्या घाटावर, शेवटच्या कोरड्या पायरीवर तिवई रोवली होती आणि तिच्यावर तो भला मोठा लाकडी कॅमेरा. वहीच्या पानाएवढी एकच फिल्म एका वेळी आत जायची. सकाळच्या या धुरकट उजेडात एका फोटोला पूर्ण चार सेकंद लागत, आणि तेवढा वेळ समोरचं काहीही हलून चालत नसे. घाटावर पोट भरणाऱ्या माणसांचे असे चाळीस फोटो काढायचे म्हणून तिने इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली होती. तीनशेच्या वर माणसांनी ती दिली, बहुतेक अनोळखी. एकोणचाळीस फोटो झाले. बुडालेली माणसं शोधणारे पाणबुडे झाले, धोबी झाले, डांबर तापवून नावांच्या फटी बुजवणारे झाले. राहिला होता नावाडी अशोक. सगळे काठावर उभे राहिले, हा एकटा तयार होईना. "ज़मीन पे खड़ा होके मैं क्या करूँगा, दीदी?" म्हणाला. त्याला पाण्यावरच हवा होता फोटो.

आता तो समोर नावेत उभा होता. बांबू चिखलात खोल रोवून त्याने नाव जखडली होती, अंगही दगडासारखं स्थिर ठेवलं होतं. पण थंडीचे दिवस, पांढऱ्या पाहुण्या पक्ष्यांना शेव टाकायला आलेल्या लोकांनी बाकीच्या नावा भरलेल्या. त्या इकडून तिकडे जात आणि त्यांच्या लाटा अशोकच्या नावेला डोलवत.

"दीदी, पानी रुके तो होगा ना?" त्याने ओरडून विचारलं.

"हाँ भैया. पर नदी को कौन रोकेगा?"

अशोकने तोंडाशी हात धरून हाळी दिली. "चप्पू उठाओ रे! फोटू का टैम है!"

वैजयंती पुन्हा कापडाखाली शिरली. दुधी काचेवर सगळं उलटं दिसत होतं, वर पाणी, खाली आभाळ. त्या उलट्या नदीत एकेक वल्हं थांबलं आणि वर गेलं. नावा वाहून जाऊ नयेत म्हणून नावाड्यांनी एकमेकांच्या नावांच्या कडा धरल्या. काठापासून पार मधल्या धारेपर्यंत नावांची रांग लागली, आणि तिच्या काठाकडच्या टोकाशी अशोक.

तेवढ्यात एक चढा आवाज आला. एका नावेत शेरवानी घातलेला नवरदेव आणि लेहेंग्यातली नवरी लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला आले होते. "अंकल, चलाओ ना! हमारा टाइम जा रहा है. पैसे दिए हैं हमने!"

त्या नावेतल्या मेवालाल काकांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. "पैसे तो हमने भी दिए हैं, बेटा," ते शांतपणे म्हणाले. "इसी फोटू के."

कापडाखाली वैजयंतीचा हात थांबला. ती बाहेर आली.

"पुष्कर, काय म्हणाले ते?"

पुष्कर नदीकडे बघत म्हणाला, "तुझ्या वर्गणीदारांच्या यादीत ते 'बाईस नाव' आहे ना..."

होतं खरं. 'बाईस नाव' म्हणजे बावीस जणांची नावं, असं समजून ती नावं कळवा म्हणून तिने वर्गणीच्या साइटवरून दोन मेल पाठवले होते. उत्तर आलं नव्हतं.

"ते मेल माझ्याकडेच यायचे, अगं. घाटावर बावीस नावा आहेत. दर नावेमागे पन्नास रुपये. अशोकने जमवले, मी फोनवरून भरले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"त्यानेच शपथ घातली. म्हणाला, दीदी को मालूम पड़ेगा तो हमसे पूछ-पूछ के खींचेंगी."

वैजयंतीला हसू आलं, आणि पाठोपाठ नाकही ओढावं लागलं. गेले चार महिने ही माणसं तिला चहा पाजत होती, कॅमेऱ्याची पेटी उचलून देत होती, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिने फिल्मची चौकट आत सरकवली, काळी पट्टी ओढून काढली. बोटं थंडीने आखडली होती; ती तिने तोंडाजवळ नेऊन फुंकरीने ऊबदार केली.

"बस, चार सेकंद!" ती ओरडली.

घाटावरचं बोलणं थांबलं. नवरदेवाने एकवार नवरीकडे पाहिलं आणि शेरवानीची बाही मागे सारून शेजारच्या नावेची कड धरली. पाणी हळूहळू सपाट होत गेलं. अशोकने हनुवटी जराशी वर केली.

वैजयंतीने कॅमेऱ्याचं बटण दाबून धरलं. आणि बघत राहिली.

मग कधीतरी सोडलं.

"चार म्हणाली होतीस," पुष्कर हळूच म्हणाला. "मी नऊ मोजले."

"कोणी हललं?"

पुष्करने पुन्हा नदीकडे पाहिलं. बावीस नावांची वल्ही अजून वरच होती, टोकांवरून थेंब गळत होते.

"अजूनही नाही," तो म्हणाला.