मक्याचे चार दाणे

आयाकुचोच्या डोंगरातल्या सातुर्निना आजींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रश्नावली घेऊन आलेल्या नेलिदानं त्यांच्यापुढे मक्याचे चार दाणे ठेवले. "जेवढा पस्तावा, तेवढे दाणे वाटीत टाका, आजी." स्पॅनिशमधून तिथल्या केचुआ भाषेत आणलेली ही प्रश्नावली तपासायची, तर पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. मागच्या खेपेला वाटी रिकामी राहिली होती; आज आजींनी चारही दाणे टाकले. "मध्ये काही झालं का?" नेलिदा गडबडली. "आता काय व्हायचंय? मुलाला मीठ आणायला मीच पाठवलं, वाटेत शिपायांनी उचललं, त्याला चाळीस वर्षं झाली." "मग गेल्या वेळी का नाही सांगितलंत?" "विचारून जाणारे खंडीभर येतात, पोरी. परत येणारी तूच पहिली. बरोबर आलं ना माझं?" "अगदी बरोबर," म्हणत नेलिदानं कागदावर नियमाप्रमाणे शेरा मारला: "उत्तर भरवशाचं नाही."