तोंडी परीक्षा

जर्मनीच्या व्हिसाला जर्मन भाषेचा दाखला लागत होता आणि नर्स असलेली महानंदा त्यात दोनदा नापास झाली होती. आता पुन्हा नापास झाली, तर तिथली नोकरीही जाणार होती.

नळदुर्गला पंक्चर काढता काढता तिचे वडील अप्पा तिच्या सरावासाठी पेशंटचा मुलगा व्हायचे. "सिस्टर, म्हातारा कसा हाय माझा?"

पेशंट वारल्याचं जर्मनमध्ये सांगताना तिला हमखास हसू फुटायचं.

"हसतीस काय गं? म्हातारा मेलाय न्हवं माझा!"

आज पुण्यात परीक्षकानं नेमका तोच प्रसंग दिला. ती हसली नाही, कुठं अडखळलीही नाही. पेशंटचा मुलगा झालेल्या परीक्षकानं विचारलं, "जाताना काही म्हणाले का वडील?"

 

परवा दवाखान्यात अप्पा शेवटचं जे बोलले, तेच महानंदानं जर्मनमध्ये सांगितलं, "परीक्षा बुडवू नको म्हणाले."