आडवी बाटली

मधली सुट्टी संपवून बाई वर्गात आल्या आणि दारातच थबकल्या. खिडकीखालच्या फळीवर सगळ्या बाटल्या उभ्या होत्या. एकच आडवी होती.

ही खूण त्यांनीच तर सकाळी शिकवली होती.

सकाळी मुलांच्या हक्कांचा तास होता. त्यानिमित्तानं शाळेनं सगळ्यांना एकसारख्या निळ्या बाटल्या वाटल्या होत्या, बाईंनाही एक. "मारायचा हक्क कुणालाच नाही," बाईंनी सांगितलं होतं. "घरच्यांनाही नाही. कुणाची भीती वाटत असेल आणि तोंडानं सांगवत नसेल, तर आपली बाटली फळीवर आडवी करायची. मी सगळ्यांसमोर काही विचारणार नाही. पण मला कळेल."

"आणि बाटली आडवी करायचीच भीती वाटली तर?" पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं. सारखी बाईंच्या मागं मागं फिरते म्हणून वर्ग तिला शेपटी म्हणायचा.

"मग मैत्रिणीनं करावी. ती काही चुगली नव्हे."

"आणि मोठ्या माणसांना कुणी मारलं तर?"

"मोठ्यांना कोण मारणार गं?" बाई हसल्या, वर्गही हसला. मग त्या फळ्यावर 'हक्क' लिहायला वळल्या. उजवा खांदा झोपेत अवघडलाय म्हणत डाव्या हातानं लिहीत होत्या. ती कोंबडीच्या पायांची अक्षरं बघून भोपळ्या म्हणाला, "बाई, आज तुम्हाला हस्ताक्षरात भोपळा." स्वतःला हमखास मिळणारी वस्तू दुसऱ्याला द्यायची संधी तो कशाला सोडतोय.

बाटल्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकानं आपल्या बाटलीच्या गळ्याला लोकरीचा रंगीत दोरा बांधायचा ठरलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो दिवसभर अधूनमधून फोन करायचा आणि शाळा सुटताना फाटकाशी गाडी घेऊन हजर असायचा. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, नशीब काढलंस हो.

"बाई, तुमच्या बाटलीला मी बांधू?" शेपटीनं विचारलं. बाईंनी तिच्याकडे न बघताच मान हलवली आणि त्या व्हरांड्यात गेल्या. "हो. वर्गातच आहे. नाही हो, मुलंच आहेत सगळी." परत आल्या तोवर बाटल्या फळीवर मांडूनही झाल्या होत्या. कुणाचा रंग कुठला, बाईंना काहीच ठाऊक नव्हतं.

आणि आता पिवळ्या दोऱ्याची बाटली आडवी होती.

धक्का लागला असेल, बाई स्वतःशी म्हणाल्या. त्यांनी ती उभी केली आणि फळ्याकडे वळून गणित लिहायला घेतलं. मागं बाक सरकल्याचा आवाज झाला. लिहून त्या वळल्या तर बाटली पुन्हा आडवी. वर्गात कुणी खुदकन हसलंसुद्धा नाही.

म्हणजे चेष्टा नव्हती. बाईंनी खडू खाली ठेवला.

विचारायचं तर नव्हतं, शब्द दिला होता. त्या एकेक चेहरा बघत राहिल्या. ज्याची जीभ टाळ्याला लागत नाही तो भोपळ्या हनुवटी बाकावर टेकून गप्प बसला होता. आणि ती कोपऱ्यातली नाजूक मुलगी. मागं एकदा तिचा रेनकोट हरवला, तेव्हा तिचा बाप व्हरांड्यात असा काही गरजला होता की बाईच मागं सरत भिंतीला टेकल्या होत्या. आज तिला न्यायला तोच येणार होता.

बाईंनी ठरवलं. शाळा सुटताना जो तो आपली बाटली घेईल. पिवळी जिच्या हातात दिसेल तिला थांबवून घ्यायचं. बापाच्या हाती द्यायचं नाही, काय वाटेल ते होवो. पण तो अंगावर आला तर? अशी माणसं आधी आवाज खाली आणतात, मग हात उचलतात. ते आठवून त्या जागीच थांबल्या. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

घंटा झाली. मुलं फळीकडे धावली.

भोपळ्यानं लाल दोऱ्याची बाटली उचलली. "बाई, दात हलतोय," तो तोंड वाकडं करून म्हणाला. "बोललो की दुखतं." मधल्या सुट्टीनंतर पहिल्यांदा बाईंना हसू आलं.

नाजूक मुलगी आली. तिच्या हातात हिरवा दोरा होता. बाप व्हरांड्यातून गरजला, "चला, राणीसाहेब!" त्याचा आवाजच तसा होता. मुलगी धावत जाऊन त्याच्या गळ्यातच पडली, आणि तो तिथंच उकिडवा बसून तिच्या बुटाची नाडी बांधायला लागला.

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग कोण? जांभळा गेला, पांढरा गेला, केशरी गेला. प्रत्येकाच्या हातात एकेक बाटली होती. वर्ग रिकामा झाला. आज तर गैरहजरही कुणी नव्हतं.

पिवळी फळीवर तशीच पडून होती.

बाहेर फाटकाशी हॉर्न वाजला. पाठोपाठ पुन्हा वाजला, लांबलचक. बाईंनी घाईघाईनं पर्स खांद्याला लावली, कळ आली तशी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. दाराशी शेपटी अजून उभी होती, गुलाबी दोऱ्याची बाटली छातीशी धरून.

"ही कुणाची राहिली गं?" बाईंनी विचारलं. "कोण घाबरलंय? मला सांग, मी कुणाला बोलणार नाही."

शेपटीचे डोळे भरून आले होते.

"तुम्हीच म्हणालात ना, मैत्रिणीनं केली तरी चालते," ती म्हणाली. "ती तुमची बाटली आहे, बाई."