सरखोतांचं नाव

"मासेवाल्यांची पोरगी या घरात सून म्हणून येणार नाही," जैबुन्निसा म्हणाली आणि तांदूळ पाखडत राहिली.

मुसअब उंबऱ्यातच थांबला. मुरुडच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा हा पोरगा कधी आवाज चढवत नसे. आज चढला. "अम्मी, महनूरमध्ये खोट काय आहे?"

"काही नाही. पण आपण सरखोत. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारातले."

सरखोत नाकावर माशी बसू देत नाहीत, असं अख्खा मोहल्ला म्हणायचा. ते काही उगाच नाही.

"नाव, नाव! रोमच्या बड्या घराण्यांनाही नावाचा असाच तोरा होता. पण वारस नसला की तेसुद्धा दुसऱ्याचा मुलगा आणून त्याला आपलं नाव द्यायचे. तेव्हा रक्त कुठे बघत होते?"

जैबुन्निसाच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ ओटीभर सांडले.

"तुझा रोम तुझ्यापाशी. मी जिवंत असेपर्यंत हा निकाह होणार नाही."

"मग मी कतारची नोकरी घेतो. मला परत बोलावू नकोस."

दुपारच्या एसटीने तो मुंबईला गेलासुद्धा. त्याचं ताट तसंच झाकलेलं राहिलं. लग्नानंतर कैक वर्षांनी, मुंबईला जाऊन पदरात पडलेला हा एकुलता एक मुलगा. जलील, तिचा नवरा, त्याला क्षणभर खाली ठेवत नसे. आज जलील असता तर काय म्हणाला असता? सगळं आपल्याच हातांनी केलं, आता रडून काय होणार?

संध्याकाळी मागच्या दाराने महनूरची आई आली. काशिफा. चांगली सुरमई मिळाली की पहिला तुकडा मुसअबसाठी इथे आणायची, बदल्यात कधी काही घ्यायची नाही. आज तिचे हात रिकामे होते.

"पोरगी रडून बेजार झालीय," ती म्हणाली.

"मला शिव्या देत असेल."

"व्हय."

"देऊ दे. मुसअब गेला, काशिफा. आता येणार नाही."

काशिफाने डोळ्यांना पदर लावला. मग खाली बसून सांडलेले तांदूळ वेचू लागली. जैबुन्निसाही वेचू लागली.

"मी तुमचे पाय धराया आलेय, असं साऱ्या गल्लीला वाटतंय," काशिफा हळूच म्हणाली. "पण बरं केलंत, भाबी. तुम्ही आडव्या आल्या नसतात, तर माझ्या लेकाला मलाच सांगावं लागलं असतं, की महनूर तुझी पाठची बहीण हाय."