मोहिनीचा श्वास

"फुंक. जोरात. मध्ये थांबू नको."

मोहिनीनं पिशवीच्या नळीला तोंड लावलं आणि जीव खाऊन फुंकलं. उज्वलानं नळी यंत्राला जोडली आणि आकड्यांवर डोळे लावले. आत तापलेल्या काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर होता, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल असा. पीएचडीची सगळी वर्षं तिनं त्या थरापायी घालवली होती. मधुमेह हाताबाहेर गेला की माणसाच्या श्वासात अ‍ॅसिटोनची वाफ वाढते. ती वाफ या थराला लागली की त्याचा विद्युतरोध घसरतो. सुई न टोचता, नुसत्या फुंकरीवर आजार ओळखायचा, असं तिच्या मनात होतं.

निरोगी माणसाच्या श्वासावर आकडा फारसा हलत नसे. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी फुंकून पाहिलं होतं. फक्त धाकट्या बहिणीनं, मोहिनीनं, फुंकलं की तो कोसळायचा. आज नव्या थरावरही कोसळला.

"काय आलं गं, ताई?"

"काय यायचंय! कपाळ माझं." उज्वलानं पिशवी ओढून काढली. "नेलपॉलिश काढलंस ना पुन्हा? त्या रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोनच असतं, किती वेळा सांगू?"

मोहिनीनं दोन्ही हात पुढे केले. नखं कोरी होती.

"मग उपाशी आली असशील. उपाशीपोटीही वाढतं ते."

"तीन पोळ्या खाल्ल्यात. तरी पोटात खड्डा पडलाय." मोहिनीनं टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात संपवली. दारापर्यंत जाऊन ती घुटमळली. "खरंच काही नाही ना आलं?"

"मोहिनी, दुपारी माझी पीएचडीची समिती बसणार आहे. डोकं नको खाऊ. जा, मैदानावर उशीर होईल तुला."

मोहिनी गेली. पोलीस भरतीसाठी ती सटाण्याहून नाशिकला बहिणीच्या खोलीवर राहायला आली होती. वडिलांनी, आप्पांनी, एका भरतीपुरतीच मोकळीक दिली होती; नाही जमलं तर लग्न. त्यामुळे पोरगी मैदान सोडत नव्हती. महिन्याभरात कपडे ढगळ झाले होते. "पोर कशी शे?" असं आईनं फोनवर अहिराणीत विचारलं की उज्वला सांगायची, "मस्त. पळून पळून काटक झालीये."

रंगनाथ सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, आलेख पाहून कालच सांगितलं होतं, "हा तुझ्या बहिणीचा एक ठिपका काढून टाक. समिती त्यालाच धरून बसेल." उज्वलानं तो काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. शेवटी हट्टानं म्हणा नाहीतर वैतागानं, तिनं तो राहू दिला.

समिती त्यालाच धरून बसली.

"निरोगी गटात हा एकटाच इतका खाली कसा?" पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं.

"नमुन्यातला दोष आहे, मॅडम. ती माझी बहीण आहे. रोज पळते. ठणठणीत आहे."

"तिची साखर तपासली?"

"नाही, मॅडम."

"मग ती ठणठणीत आहे हे कुणी ठरवलं?"

बाईंच्या आवाजात टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. उज्वला पडद्यावरच्या त्या ठिपक्याकडे पाहू लागली. भरलेला माठ सकाळपर्यंत तळाला जायचा. मोहिनी रात्रीतून कितीदा तरी बाथरूमला उठायची. ढगळ कपडे. पोटातला खड्डा. सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तिनं सगळं पळण्याच्या खात्यावर टाकलं होतं.

"सॉरी सर, मला जायला हवं," एवढंच ती म्हणाली. पडद्यावरचा आलेख तसाच सोडून ती जिना उतरली. मोहिनी फोन उचलत नव्हती. गंगापूर रोडवर रिक्षा सिग्नलला अडकली, तेव्हा तिला वाटलं, उतरून धावत सुटावं.

मैदानाच्या कडेला मुलींचं कोंडाळं होतं. मोहिनी भिंतीला टेकून बसली होती. पळणं कधीच थांबलं होतं, तरी छाती भात्यासारखी चालली होती. "उलट्या होतायत हिला," एक मुलगी म्हणाली. "ऊन लागलंय बहुतेक." उज्वला खाली वाकली. बहिणीच्या श्वासाला जास्त पिकलेल्या फळांचा गोडसर वास येत होता. हाच वास ती प्रयोगशाळेत रोज अ‍ॅसिटोनच्या बाटलीतून घेत होती.

रुग्णालयात साखर पाचशेच्या वर निघाली. रक्तात आम्ल चढलं होतं. मोहिनीला अतिदक्षता विभागात हलवलं, आणि उज्वला रात्रभर बाहेरच्या बाकावरून उठत राहिली, बसत राहिली. सकाळी डॉक्टर म्हणाले, "धोका टळला. इन्शुलिन मात्र आता कायमचं."

दुपारी मोहिनीनं डोळे उघडले तेव्हा उज्वलाला रडू आवरेना.

"तुला काहीच जाणवत नव्हतं का गं?"

"जाणवत होतं ना. चक्कर यायची. दुसऱ्या फेरीतच पाय गळायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर आप्पांनी दुसऱ्याच दिवशी घरी नेलं असतं. तोंडच उघडेना माझं." मोहिनीनं सलाईन लावलेला हात हळूच तिच्या हातावर ठेवला. "म्हणून तर रोज सकाळी तुझ्याकडे फुंकायला येत होते, ताई. म्हटलं, मला नाही बोलता येत, तुझं मशीन तरी तुला सांगेल."