फुटव्हॉल्व्ह

पळसदेवला धरणाचं पाणी मागं सरलं, की आम्ही मोटार पुढं नेतो. यंदा मोटार पाणीच उचलेना. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला बसवलेल्या फुटव्हॉल्व्हवर पांढऱ्या, वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या. कोकणात समुद्राच्या खडकावर नळीतल्या गोगलगायी अशाच पाहिल्या होत्या. एकदा चिकटल्या की जन्मभर तिथंच. पण इथं, गोड्या पाण्यात?

कोयत्यानं खरवडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिकडं ऊस वाळत चाललेला. डोकंच फिरलं. फुटव्हॉल्व्ह घरी आणून धुण्याच्या दगडावर आपटला आणि तिथंच टाकला.

सकाळी बघतो तर लख्ख.

"आई, गेल्या एकदाच्या!" मी ओरडलो.

आई त्याच दगडावर पाय धुवायला बसलेली. "वरडू नगं, आधी हात दे," ती वैतागून म्हणाली. "मगाधरनं उठतीया, दगड काय सोडंना."