मुकर्रर

हॉलमधले दिवे मंद झाले तशी कुसुमबाईंनी पर्समधून खडीसाखरेचा सुपारीएवढा खडा काढला आणि नवऱ्याच्या हातावर ठेवला.

"तोंडात धरा. चावायचा नाही."

"मी काय लहान लेकरू आहे?"

"लेकरू परवडलं. दटावलं तर निदान गप्प बसतं."

शिवराजरावांनी मुकाट्याने खडा गालात धरला. वकिली करण्यात जन्म गेला होता, पण या खटल्यात त्यांची बाजू लंगडी होती. काही वर्षांपूर्वी मुंबईत लेकीच्या, हर्षदाच्या पियानोचं पहिलं मोठं रेकॉर्डिंग होतं. समोर मोजके श्रोते, कोणी खोकायचंसुद्धा नाही. पोरीने एक जागा अशी काही घेतली की हे मागून गरजले, "मुकर्रर!" मुशायऱ्यात एखादा शेर काळजाला भिडला की तो पुन्हा ऐकवा म्हणून ओरडतात, ती दाद. काचीगुड्याच्या घरात ती रोजचीच होती. हर्षदा पेटीवर बसायची, हे दाढी करता करता आतून "मुकर्रर" म्हणायचे आणि ती हसत तीच जागा पुन्हा वाजवायची.

मुंबईत ती हसली नाही. "बाबा, प्लीज. इथे असं नसतं," एवढंच म्हणाली, आणि सगळं पहिल्यापासून वाजवावं लागलं.

त्यानंतर ती न्यूयॉर्क, ओस्लो, टोकियो, कुठे कुठे जॅझ वाजवत फिरली. पेपरात फोटो आले, नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. तिचाही फोन यायचा, पण जेवलीस का, थंडी फार आहे का, याच्या पुढे गाडी सरकायची नाही. तिचं नवीन काही आलं की शिवराजराव कानात इअरफोन घालून ऐकत बसत. घरात चिटपाखरू नसलं तरी ओठ मिटलेले. पोरगी डोंगराएवढी मोठी झाली होती आणि त्यांना तिची फार आठवण यायची, ती कानात वाजवत असली की जास्तच.

आज ती आपल्या गावात वाजवणार होती. सिकंदराबादचा हा हॉल तरुण पोरापोरींनी गच्च भरला होता. दुपारी विमानातून उतरली ती थेट इथेच आली, उद्या सकाळी परत जाणार होती. भेट झाली ती मेकअपच्या खोलीच्या दारात. "बाबा, किती बारीक झालात," म्हणाली. तेवढ्यात तिला कोणीतरी हाक मारली.

शेजारच्या खुर्चीवर पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक मुलगा होता. मराठी कानावर पडलं म्हणून तो खुलला.

"काका, यात मध्ये दाद दिली तरी चालते हं. लोक चक्क ओरडतात."

शिवराजरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

"नक्को रे बाबा," कुसुमबाई त्या मुलाला म्हणाल्या. "यांना नको सांगूस असलं काही."

हर्षदा आली. अंगात काळा कुर्ता, केस मानेपर्यंत कापलेले. बरोबर एक बासवाला आणि एक ड्रमवाला. तिने सुरुवात केली आणि शिवराजराव तिच्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. पेटी वाजवताना तो हात भाता ओढण्यात अडकलेला असायचा. आता तो मोकळा सुटला होता, उजव्या हाताशी भांडत होता, त्याला चिडवत होता. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. कौतुकाने त्यांचा ऊर भरून आला, आणि कुठेतरी थोडं दुखलंही.

पहिला खडा विरघळला तसा कुसुमबाईंनी दुसरा पुढे केला.

मग ती जागा आली. खालून चढत चढत वर जायचं आणि शिखराशी पोचता पोचता लाडात येऊन घसरायचं. काचीगुड्याची, दाढीच्या साबणाची, सकाळची जागा. शिवराजरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

हर्षदा थांबली. बास आणि ड्रम चालूच होते. तिने हात पट्ट्यांवरून उचलून धरले होते. टाळ्या पडल्या, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती अंधारात, खुर्च्यांच्या रांगांकडे पाहत होती.

तिने तीच जागा पुन्हा घेतली. पुन्हा थांबली.

"पुढचं विसरली की काय?" शेजारचा मुलगा पुटपुटला. ड्रमवाल्यानेही तिच्याकडे चमकून पाहिलं.

ती काही विसरली नव्हती, हे शिवराजरावांना कळलं होतं. पण कळलं ते खरंच की आपल्याच मनाचे खेळ? मुंबईत तरी त्यांना कुठे शंका आली होती! पुन्हा चुकलो तर पोर कायमची हातची जाईल, ही भीती होती. गालात साखर होती आणि डोळे वाहत होते.

हर्षदाने तीच जागा आणखी एकदा वाजवली, अगदी हळू, आणि हात उचलून धरले.

कुसुमबाईंनी आपला तळवा नवऱ्याच्या हनुवटीखाली धरला, तान्ह्या लेकरापुढे धरतात तसा.

"थुंका," त्या म्हणाल्या. "पोर थांबलीय."